जिंकत आलेला डाव हातातून जातो कसा?

पत्र: "मी ३९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी बुद्धिबळाचं वेड लागलं. रोज रात्री पाच मिनिटांचे सात-आठ डाव ऑनलाइन खेळते, कोडी सोडवते, व्हिडिओ पाहून सिसिलियन बचाव या सुरुवातीच्या पद्धतीच्या चाली पाठ करते. तरीही माझं ऑनलाइन मानांकन वर्षभर ११५०च्या आसपासच घुटमळतंय. जिव्हारी लागतं ते जिंकत आलेले डाव घालवणं. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पटावरची स्पर्धा खेळणार आहे. माझं डोकंच कमी पडतं का? सुरुवातीच्या चाली बदलू का? की या वयात इतकंच होणार? सोबत पंधरा मिनिटांचे तीन डाव पाठवते आहे. दोन हरलेले, एक बरोबरीत सुटलेला."

तुमचे तिन्ही डाव मी पटावर मांडून एकेक चाल करत पाहिले. आधी हे सांगून टाकतो, की तुमचं डोकं कमी पडत नाही. पहिल्या डावात चार चाली पुढचं पाहून तुम्ही समोरच्याचा अख्खा हत्ती जिंकलात. ज्याला मोजता येत नाही त्याला हे जमत नाही. सुरुवातही बरी होती. बाराव्या चालीला तिन्ही डावांत मोहरे बाहेर आलेले आहेत, किल्लेकोट (राजा आणि हत्तीची जोडचाल, राजाला सुरक्षित जागी नेणारी) झालेला आहे, काही गमावलेलं नाही. सुरुवातीच्या चालींत दोष असता तर तो इथवर दिसला असता.

दोष पुढे दिसतो. त्याच पहिल्या डावात हत्तीनं पुढे असताना तुम्ही शेवटच्या रांगेतला तुमचा हत्ती उचलून ए७वरचं (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा) प्यादं मारायला पाठवलात. त्याच्या आधीच्याच चालीला समोरच्यानं आपला हत्ती मोकळ्या ई पट्टीवर आणला होता. तुमचा राजा तीन प्याद्यांमागे कोंडलेला. पुढच्या चालीला ई१वर मात. दुसऱ्या डावात काळ्याचा घोडा डी४वर आला. त्याला हाकलायला म्हणून तुम्ही वजीर सी३वर नेलात. घोड्यानं ई२वरून शह दिला, राजा जी१वर, वजीर सी३वर, दोघेही त्याच्या टप्प्यात. वजीर गेला.

तुम्ही चालींपुढे वेळ छापून पाठवलात हे फार बरं केलंत. पहिल्या डावातली ती चाल तुम्ही तीन सेकंदांत केली आहे आणि घड्याळात नऊ मिनिटं शिल्लक आहेत. दुसऱ्यात चार सेकंद, शिल्लक साडेआठ मिनिटं. दोन्ही वेळा तुम्ही वेळेअभावी हरलेला नाहीत. आपण पुढे आहोत असं वाटलं की तुम्ही समोरच्याकडे बघणं थांबवता आणि आपलाच बेत पुढे रेटत राहता. त्याची चाल म्हणजे आपली पाळी येईपर्यंतचा खोळंबा, एवढाच तिचा अर्थ उरतो. मला तुमच्या खेळात सुधारायचं मोठं असं हे एकच दिसतं. पुढे जे लिहितो आहे ते बहुतेक सगळं याच्याशीच जोडलेलं आहे.

समोरच्याची चाल झाली की स्वतःचा बेत बाजूला ठेवून आधी विचारा: या चालीनं काय बदललं? तो मोहरा आता कुठे मारतो आहे, जिथून उठला ते घर कोण राखतंय, त्याच्या उठण्यानं मागची कुठली रांग किंवा तिरपी ओळ मोकळी झाली? आणि आता माझी चाल नसतीच, पुन्हा त्याचीच असती, तर त्यानं काय केलं असतं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. तुमच्या पहिल्या डावात तो एकदा विचारला असतात तर ई१वरची मात लगेच दिसली असती.

एक उदाहरण घ्या. पांढऱ्यानं प्यादं ई४वर आणलं, काळ्यानं ई५वर. पांढऱ्याचा घोडा एफ३वर, काळ्याचा सी६वर. पांढऱ्याचा उंट सी४वर. आता काळा आपला तोच घोडा उचलून डी४वर ठेवतो आणि ई५वरचं प्यादं उघडं पडतं. हात शिवशिवतात. पण प्यादं मारलंत की काळ्याचा वजीर जी५वर येतो, एकाच वेळी तुमच्या घोड्यावर आणि जी२वरच्या प्याद्यावर. तुम्ही घोड्यानं एफ७ मारून वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला करता, खुशीत असता. वजीर जी२ मारतो. तुम्ही हत्ती एफ१वर सरकवता. वजीर ई४ मारून शह देतो, तुम्ही उंट ई२वर मध्ये घालता, आणि काळ्याचा घोडा एफ३वर येऊन मात देतो. उंट वजिरासमोर जखडलेला असल्यानं त्याला तो घोडा मारता येत नाही. सात चालींत डाव संपला. आता हाच डाव त्या प्रश्नानं पाहा. घोडा डी४वर येऊन काय बदललं? ई५चा राखणदार गेला, हे खरं. पण काळ्याच्या वजिराला डी८वरून जी५वर जायची वाट आधीपासून मोकळी आहे आणि डी४वरच्या घोड्याचा एफ३ आणि ई२ या दोन्ही घरांवर डोळा आहे. एवढं दिसलं की हात आपोआप थांबतो. शांतपणे घोड्यानं घोडा मारायचा, काळा प्याद्यानं परत मारेल, मग किल्लेकोट करायचा. पांढऱ्याचं पारडं जड.

हे झालं की मग स्वतःच्या चालींकडे वळा. आधी सगळे शह, मग सगळी मारामारी, मग धमकीच्या चाली. मूर्खपणाच्या वाटल्या तरी एकदा नजरेखालून घाला. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्ह यांनी 'उमेदवार चालीं'ची शिस्त प्रसिद्ध केली. आधी दोन-तीन शक्य चाली निवडायच्या, मग एकेक घेऊन मोजायची, आणि एकदा मोजलेलीकडे पुन्हा परतायचं नाही. यातला पहिला अर्धा भाग जरूर घ्या. दुसरा, म्हणजे एकदाच मोजण्याचा, मला कधी खरा वाटला नाही. विचार इतका सरळ रांगेत चालत नाही. दुसरी चाल मोजताना पहिलीतलं काहीतरी नव्यानं दिसतं आणि आपण मागे जातो. तसं गेलात तरी काही बिघडत नाही. फक्त पहिली सुचलेली चाल तशीच खेळू नका, तिच्या जोडीला निदान आणखी एक उभी करा.

चाल ठरली तरी हात लगेच उचलायचा नाही. नजर पटावरून काढा, क्षणभर दुसरीकडे पाहा आणि आत्ताच कुणाच्या तरी पटापाशी येऊन उभं राहिल्यासारखं परत बघा. ही चाल केल्यावर समोरच्याला एका चालीत मात आहे का? माझा एखादा मोहरा फुकट जातोय का? यात फक्त एवढंच पाहायचं, त्याला पाच सेकंद पुरतात. हा सल्ला नवशिक्यांचा वाटेल, म्हणून सांगतो. २००६ साली बॉनमध्ये 'डीप फ्रिट्झ' या संगणकाविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्या डावात तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक एका चालीतली मात पाहू शकला नाही. त्याची स्थिती चांगली होती, वेळेची फार घाईही नव्हती. त्यानं वजीर ई३वर नेला आणि संगणकानं एच७वर मात दिली. मात देणाऱ्या वजिराला आधार होता एफ८वरच्या पांढऱ्या घोड्याचा. घोडा तिथे उभा राहून वजिराला एच७वर पाठबळ देतो ही आकृती डावात सहसा येत नाही, म्हणून ती डोळ्यांना खुणावत नाही.

इथे सरावाचा विषय येतो, कारण बुद्धिबळातलं पुष्कळसं काम डोळेच करतात. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी मोठ्या खेळाडूंना आणि साध्या खेळाडूंना मोठ्यानं विचार करायला लावून त्यांच्या विचारांची तुलना केली. मोठे खेळाडू फार खोलवर मोजत असतील ही अपेक्षा तितकीशी खरी ठरली नाही. फरक होता तो योग्य चाली आधीच नजरेत भरण्यात. पुढे १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवून मांडायला सांगितली. मास्टर कितीतरी पुढे होता. मोहरे मात्र कसेही विखरून ठेवले तेव्हा त्याचा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती विलक्षण नव्हती. त्याच्या डोळ्यांत डावातल्या आकृत्या मुरलेल्या होत्या.

आकृत्या मुरायला वेळ द्यावा लागतो, आणि पाच मिनिटांचे सात-आठ डाव तो देत नाहीत. तिथे तुम्ही जे आधीपासून येतं तेच पुन्हा पुन्हा करता, तीन सेकंदांत चाल करण्याची सवयसुद्धा. म्हणून या तीन महिन्यांत ते जवळजवळ बंद करा. हे ऐकायला कठीण जाईल याची मला कल्पना आहे, रात्रीचा तो विरंगुळा असतो. शनिवारी-रविवारी हवे तर दोन-चार खेळा. पण आठवड्याचा खरा डाव म्हणजे निदान अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन किंवा तीन. त्याहून जास्त नकोत, कारण त्यातल्या प्रत्येकावर पुन्हा बसायचं आहे.

बसायचं म्हणजे कसं, ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. डाव संपला की संगणकाचं इंजिन लावायचं, लाल खुणा मोजायच्या, हळहळायचं आणि पुढचा डाव सुरू. त्यातून काही हाती लागत नाही. इंजिन काय चुकलं ते सांगतं. का चुकलं हे त्याला माहीत नसतं, ते फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि तेही काही तासच आठवतं. म्हणून त्याच दिवशी, इंजिन न लावता, डाव पटावर मांडा आणि ज्या ज्या ठिकाणी थबकलात तिथे तेव्हाचा विचार वहीत लिहा. 'वाटलं घोडा परत जाईल.' 'हत्ती दिसलाच नाही.' 'कंटाळा आला होता.' असं खरं खरं. सोव्हिएत जगज्जेते मिखाईल बोट्विनिक यांनी खेळाडूंना स्वतःच्या डावांचं कठोर विश्लेषण करायला सांगितलं, आणि ते स्वतःही तसंच करत. तुमच्या-माझ्या पातळीवर त्याचा फायदा आणखी मोठा असतो, कारण आपल्या चुका थोड्याच प्रकारच्या असतात आणि त्याच पुन्हा होतात. हे लिहून झाल्यावर मग इंजिन लावा आणि ते कुठे तुमच्याशी सहमत नाही तेवढं पाहा. दहा-बारा डाव झाले की वही सलग वाचा. तुमचे हे तीन डाव बघता माझा अंदाज असा, की 'दिसलंच नाही'पेक्षा 'बघितलंच नाही' जास्त वेळा सापडेल.

कोडी चालू ठेवा, पण पद्धत बदला. कोड्यात आणि डावात एक मोठा फरक असतो. कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं, डावात ते कुणी सांगत नाही. त्यामुळे कोडी सुटतात आणि डावात तीच गोष्ट निसटते. दिवसाला दहाच सोडवा. पहिली चाल सुचली म्हणून खेळू नका, समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर धरून शेवटपर्यंत मनात जा आणि मगच हात लावा. चुकलेलं कोडं वहीत टाका आणि आठवड्यानं पुन्हा सोडवा. आणि आठवड्यातून एकदा उलटा सराव करा. स्वतःचा जुना डाव घ्या आणि प्रत्येक चालीला समोरच्याला आता काय करायचं आहे, एवढंच लिहा. स्वतःची चाल शोधायचीच नाही. माझ्या मते तुमच्यासाठी याहून चांगला व्यायाम नाही.

आता तिसरा डाव. तो मी मुद्दाम मागे ठेवला. तुमचा पांढरा राजा डी३वर, प्यादं ई२वर. काळ्याचा एकटा राजा ई६वर. चाल तुमची. तुम्ही प्यादं दोन घरं पुढे ढकललंत, काळा राजा ई५वर आला आणि डाव बरोबरीत सुटला. इथे राजा ई४वर नेला असतात तर डाव जिंकलेला होता, काळ्यानं काहीही केलं तरी. असल्या शेवटाचा नियम साधा आहे. तुमचं प्यादं दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेत असेल, तर त्याच्या दोन रांगा पुढची तीन घरं धरायची: समोरचं एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दोन. ई२वरच्या प्याद्यासाठी डी४, ई४, एफ४. यातल्या एकावर तुमचा राजा पोचला की डाव तुमचा, मग चाल कुणाचीही असो. फक्त अगदी कडेच्या ए आणि एच पट्ट्यांवरच्या प्याद्याला हा नियम लागू नाही. तुम्ही प्यादं ई४वर नेलंत आणि ती तीन घरं वर सरकून डी६, ई६, एफ६ झाली, काळ्या राजाच्या अगदी दारात. म्हणून आधी राजा पुढे, मग प्यादं.

एवढं एक जरी पक्कं झालं तरी मधल्या खेळातले तुमचे निर्णय बदलतील, कारण मोहरे मारामारीत संपवायचे की नाही हे ठरवताना शेवटी काय उरणार ते ठाऊक असावं लागतं. १२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेननं हत्ती एफ२वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. तोवर डाव बरोबरीकडे चालला होता. डी. गुकेशनं हत्ती घेतले, लगेच उंटांचीही अदलाबदल करायला भाग पाडलं, आणि उरला राजा-प्याद्यांचा शेवट, जो डिंगसाठी हरलेला होता. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. बरोबरीकडे चाललेल्या स्थितीतही तो 'या चालीनं काय बदललं?' हा प्रश्न विचारत बसून होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राजा-प्याद्यांनंतर हत्तींचे दोन शेवट शिका: लुसेना आणि फिलिडोर या नावांनी ओळखले जातात ते. पहिल्यात प्यादं पुढे नेऊन जिंकायचं कसं, दुसऱ्यात एक प्यादं कमी असताना बरोबरी राखायची कशी. तीन महिन्यांत शेवटाचा एवढा अभ्यास पुरे.

सुरुवातीच्या चालींबद्दल विचारलंत. तीन महिन्यांत नवीन काही उभं करू नका. सिसिलियन आवडतो तर खेळा, पण पाठ केलेल्या प्रत्येक चालीपुढे 'कशासाठी' हे एका ओळीत लिहिता येतं का पाहा. जिथे येत नाही तिथून पुढचं पाठांतर सोडून द्या, तसंही समोरचा त्या वाटेनं येणार नाही. प्रत्येक डावानंतर ओळखीची वाट कुठे सुटली ती एकच चाल तपासा. तेवढ्यानं दर आठवड्याला दोन-तीन चालींची खरी भर पडत जाईल.

स्पर्धेसाठी आजपासून खऱ्या पटावर सराव सुरू करा. डोळ्यांना सपाट पडद्याची सवय झालेली असते, उभ्या मोहऱ्यांत तिरपा उंट चटकन दिसत नाही. आठवड्याचे डाव आणि कोडी, दोन्ही पटावर मांडूनच करा. काही नियमही ऑनलाइन खेळणाऱ्यांना हमखास चकवतात. मोहऱ्याला मुद्दाम हात लावला की तोच हलवावा लागतो. किल्लेकोट करताना आधी राजा उचलायचा, एकाच हातानं. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट हातचा जाऊ शकतो. पारंपरिक वेळेच्या डावात चाली लिहाव्या लागतात, आणि चाल खेळण्याआधी ती लिहून ठेवायची परवानगी नसते. नियमबाह्य चाल केली तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्यांदा केली तर साधारणपणे डाव जातो. मोबाइल खेळाच्या जागी सोबत ठेवू नका. घरीच चाली लिहायचा सराव करा. समोरच्याची चाल लिहिताना होणारा तो छोटा विराम तुम्हाला फार उपयोगी पडेल. लिहिता लिहिताच तो प्रश्न विचारायचा.

वयाचं खरं ते सांगतो. विश्वनाथन आनंदनं २०१७ साली, ४८व्या वर्षी, जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. व्हिक्टर कोर्चनॉय १९८१ साली ५०व्या वर्षी जगज्जेतेपदासाठी लढला. पण ते लहानपणापासून खेळत आले होते, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवून मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मुलं आकृत्या भराभर टिपतात, आपल्याला वेळ लागतो. उलट एका जागी बसून स्वतःला प्रश्न विचारणं आणि स्वतःची चूक शांतपणे वहीत लिहिणं, हे मुलांना फार जड जातं आणि तुम्हाला जमू शकतं. तुमच्या डावांत जे कमी आहे ते नेमकं हेच आहे. त्यामुळे ११५०वर अडकण्याचं कारण वय नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मानांकनाचा आकडा मात्र तीन महिने बघू नका. सावकाश खेळायला लागलात की पहिले काही आठवडे तो खालीही जाईल, कारण विचारात वेळ जाईल आणि शेवटी घड्याळ चावेल. ते होऊ द्या.

स्पर्धेत एखादा डाव घालवलात तर पुढच्या फेरीआधी इंजिन उघडू नका. नोंद घडी करून पिशवीत टाका, पाणी प्या, थोडं चालून या. विश्लेषण रात्री. आणि सगळं संपलं की डाव मला पाठवा. जिंकलेले नकोत. हरलेले आणि हातातून सुटलेले तेवढे, चालींपुढे उरलेला वेळ लिहून, आणि जिथे समोरच्याकडे बघायचं राहून गेलं असं तुम्हाला स्वतःला वाटतं तिथे खूण करून.